नाक-कान न टोचणारं घर

आमच्या घरात मुलींचे नाक-कान टोचत नाहीत. बाहेरून आलेल्या सुना नाकात मोरणी, कानात कुडी घालून येतात, त्यांना कोणी काढायला लावत नाही. पण घरात जन्मलेल्या मुलीला सुई लावायची नाही. माझी बहीण तशीच वाढली, माझ्या दोन्ही मुली तशाच वाढल्या. लग्नात चापाची नथ, दाबाच्या कुड्या, की झालं. असं का, म्हणून लहानपणी विचारलं तर म्हातारी माणसं म्हणायची, "देवीला बोललेलं हाय." कोण बोललं? कधी बोललं? कशापायी बोललं? जास्त विचारलं तर पाठीत धपाटा मिळायचा.

मी चौथीतून शाळा सोडली आणि बापाबरोबर मिठागरावर गेलो. पेणच्या खाडीकाठचं आमचं गाव. लिहायला मला कष्ट पडतात. पण दुसऱ्याला सांगून हे लिहवून घेणार नाही असं मी घरात बजावलंय. त्या "का"चं उत्तर मला म्हातारपणी सापडलं, म्हणून लिहितोय. ते सापडल्यावर मला माझा शब्द मागे घ्यावा लागला, तेही लिहितोय.

तो शब्द असा. माझी बहीण रोह्याला दिलेली. तिला दोन मुलगे, मला दोन मुली. मामाच्या पोरीवर भाच्याचा पहिला हक्क ही आमच्याकडची जुनी रीत. चार माणसांत मी बहिणीला बोललो होतो, थोरली तुझ्या थोरल्याला, धाकटी तुझ्या धाकट्याला. दोघी बहिणी एका घरात जावा होऊन राहतील, भांडल्या तरी घरातल्या घरात. थोरलीचं लग्न लागलं त्याच मांडवात बहिणीनं धाकटीला साडी नेसवून आपली सून म्हणून ठरवून ठेवली. धाकटी तेव्हा शाळेत जात होती, साडी पायात येऊन दोनदा अडखळली. पण शब्द तो शब्द. खाडीपट्ट्यात कोणालाही विचारा, तोवर मी दिलेला शब्द कधी फिरवलेला नव्हता.

थोरलीला पहिली मुलगी झाली. बारशाला आम्ही रोह्याला गेलो, जेवून परत आलो. त्यानंतर काही दिवसांनी रोह्याहून माणूस आला, "ताबडतोब चला, पोरीचा कान थांबत नाय."

कान थांबत नाही म्हणजे काय ते मला कळेना. रामवाडीच्या थांब्यावर एसटी पकडली, नागोठण्यावरून रोह्याला पोचेपर्यंत तेच डोक्यात. जाऊन पाहतो तर पोर थोरलीच्या मांडीवर, दोन्ही कानांना कापूस, कापूस लाल, खांद्यावरचं फडकं लाल. बहीण चुलीपाशी भिंतीकडे तोंड करून बसलेली.

"टोचलेस?" मी विचारलं.

"टोचले."

"तुला ठाऊक नव्हतं?"

तेव्हा ती वळली. "ठाऊक होतं! जन्मभर ठाऊक हाय! या घरात आले तेव्हापासून भुंड्या कानांची म्हणून हाका मारल्या मला. सासू म्हणे, माहेरी सोनं नव्हतं म्हणून भोकं पाडली नाय. माझ्या नातीला तेच ऐकून घ्यायला लावू?"

सोनार सांगत होता की दोन थेंब येतात आणि थांबतात, त्याच्या हातून अशा किती पोरी गेल्या. हळद लावली, तुरटी लावली, कॉफीची पूड दाबली. रक्त धार लागून येत नव्हतं. नुसतं पाझरत होतं, बांधाच्या बुडातून खाडीचं पाणी पाझरतं तसं, आणि थांबायचं नाव नाही. शेवटी दवाखान्यात नेऊन टाके घातले, दाबून बांधलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी कुठं आटोक्यात आलं.

आता यातून आम्ही काय शिकलो? आम्ही देवीचा राग उतरवला. बहिणीनं नारळ, ओटी, कोंबडा, सगळं केलं. मी छाती काढून फिरलो की सांगत होतो ना, आमच्या घराचा नेम मोडू नका. कानाची भोकं बुजली. आम्हाला वाटलं की चूक झाली, दंड भरला, संपलं.

पण देवीचा दंड भरल्यावर पोरीच्या अंगावर निळे डाग का पडावेत? उचलून घेतली की बोटांचे ठसे उमटत. दात घासले की फेस लाल. नाक कधीही सुटायचं. देवी एवढी हिशेबाची कच्ची असेल असं मला वाटेना. मी बायकोला तसं म्हटलं तर ती म्हणाली, "तुम्ही देवीला प्रश्न विचारू नका, तिनं उत्तर दिलं तर झेपायचं नाय."

रोह्यात रक्त तपासलं. रक्त गोठवणाऱ्या पेशी असतात, त्या कमी असतील असा डॉक्टरचा अंदाज. रिपोर्ट आला, पेशी भरपूर. डॉक्टर म्हणाला, उष्णता असेल, पोर मोठी होईल तसं कमी होईल.

पोर मोठी झाली आणि दुधाचा दात हलू लागला. आमच्याकडे पडलेला दात कौलावर टाकतात. हा दात पडला पण टाकायला कोणाला सुचलं नाही. तोंडातून रक्त येत राहिलं, पोर ते गिळत राहिली, मग काळी उलटी झाली. ओठ कागदासारखे झाले. रोह्याच्या डॉक्टरनं आपणहून गाडी करून दिली आणि मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. मी पेणला गाडीत चढलो.

तिथं मी पहिल्यांदा ती पिशवी पाहिली. रक्ताची पिशवी लावली ती लाल होती, ते ठीक. मग दुसरी आणली, ती पिवळी, ताकाच्या निवळीसारखी. मी नर्सला म्हटलं, "बाई, हे रक्त नाय. चुकून दुसरंच आणलंत." ती हसली. ती पिशवी अंगात गेली आणि काही वेळानं पोरीच्या तोंडातलं रक्त थांबलं. लाल पिशवीनं थांबलं नव्हतं, पिवळ्या पिशवीनं थांबलं. मग मला राहवेना. या पिवळ्यात असं काय आहे जे माझ्या नातीत नाही?

रक्ताच्या विभागात एक डॉक्टरीण बाई होत्या. माझ्या मुलीच्या वयाच्या, केस बारीक कापलेले, बोलणं भरभर. मी त्यांच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. शिपायानं दोनदा हटवलं, मी दोनदा परत आलो. शेवटी त्याच म्हणाल्या, "या बाबा, बसा. काय विचारायचंय?"

"त्या पिवळ्या पिशवीत काय असतं?"

"पेशी असतात. रक्त थांबवणाऱ्या."

"पण त्या आमच्या पोरीला भरपूर हायत. रोह्याचा रिपोर्ट हाय."

"भरपूर आहेत," त्या म्हणाल्या. "पण त्या एकमेकींना धरत नाहीत."

मग त्यांनी समजावलं. शीर फुटली की या पेशी तिथं धावतात, एकमेकींना चिकटतात, बूच बसतं. चिकटायला प्रत्येक पेशीच्या अंगावर बारीक बारीक हात असतात. आमच्या पोरीच्या पेशींना ते हातच नाहीत. धावतात, जमतात आणि नुसत्या उभ्या राहतात.

मला एकदम आमचा बांध दिसला. उधाणाच्या भरतीला बांधाला खांड पडली की गावात हाळी जाते. घरटी एक माणूस फावडं घेऊन पळतो. पण धावून काही होत नाही. रांग धरावी लागते. मागचा चिखलाचा गोळा पुढच्याच्या हातात, पुढचा त्याच्या पुढच्याच्या, आणि शेवटचा खांडीत उभा राहून थापतो. रांग तुटली की आख्खं गाव काठावर उभं आणि खाडी शेतात. मी बाईंना हे सांगितलं आणि म्हटलं, "म्हणजे गाव जमलं, पण हात बांधलेले."

"बांधलेले नाहीत, बाबा. हात तयारच झाले नाहीत."

"का नाय झाले?"

या बाईंचं मला एक आवडलं. "का" म्हटल्यावर त्यांना राग येत नसे. त्या म्हणाल्या, "तुम्ही पेणचे ना? गणपतीचे कारखाने तुमचे."

"पेणचा परतेक माणूस गणपती करत नाय, बाई. मी मिठाचा माणूस."

"बरं, पण साचा पाहिलाय ना? हा हात बनवायचा साचा प्रत्येकाच्या अंगात असतो. एक नाही, दोन. एक आईकडून आलेला, एक बापाकडून. एका साच्याला टवका असला तरी दुसऱ्यावर काम भागतं, माणूस ठणठणीत असतो, त्याला कळतही नाही. दोन्हींना टवका असला की हात निघतच नाही. हिच्या आईकडून टवक्याचा आला, बापाकडूनही टवक्याचाच आला."

"टवका कोणी पाडला?"

"कोणी नाही. साच्यावरून साचा निघतो, पिढ्यानपिढ्या. कधीतरी एकदा काढताना उडाला. आम्ही त्याला म्युटेशन म्हणतो. मग पुढचा साचा टवक्यासकटच निघत गेला."

कोणी पाडला नाही हे मला पटलं नाही. बांधाला खांड पडली तरी आपण खेकड्याच्या बिळाचं नाव घेतोच. पण मी पुढे बोलायच्या आत बाईंनीच विचारलं, "हिचे आईवडील नात्यातले आहेत का?"

मी ताठ बसलो. "व्हय. मामाची पोरगी. माझी थोरली, माझ्या बहिणीच्या थोरल्याला. आणि धाकटी त्याच्या धाकट्याला द्यायची हाय."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "ते लग्न झालंय का?"

"व्हायचंय. शब्द दिलाय."

"मग लग्नाआधी त्या दोघांचं रक्त मला द्या. तुमचंही द्या."

मी म्हटलं, माझं आत्ता घ्या. मला खात्री होती. माझा पाय मिठागरावर फावड्यानं फाटलेला आहे, वर मीठ लागलेलं, तरी रक्त चिलीम भरेपर्यंत थांबलं होतं. टवका असेल तर तो दुसरीकडचा असेल, माझ्या घराचा नव्हे.

त्यांनी मला यंत्राजवळ उभं करून दाखवलं. रक्तातला लाल भाग खाली बसवतात, वरचं पिवळट गढूळ पाणी एका नळीत घेतात, त्यात औषधाचा थेंब टाकतात. माझं पाणी बघता बघता निवळलं. पेशींनी एकमेकींना धरलं, गोळा झाला, पाणी स्वच्छ. मिठागराचा माणूस मी, निवळलेलं पाणी ओळखतो. मग नातीची नळी. थेंब टाकला. गढूळ. ढवळलं. गढूळच. मी डोळा लावून बसलो की आता निवळेल, मग निवळेल. नाही निवळलं.

"बघा," मी बाईंना म्हटलं, "माझं घर साफ हाय."

"थांबा, बाबा. अजून हात मोजायचेत."

काही आठवड्यांनी नातीला दाखवायला नेली तेव्हा त्यांनी सांगितलं. माझ्या पेशींवर हात होते, पण निम्मे. माझ्या रोह्याच्या मेहुण्याचे, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याचे, पूर्ण होते; तोही मधे येऊन रक्त देऊन गेला होता. मी म्हटलं, मशीन चुकलं. बाईंनी न चिडता पुन्हा रक्त घेतलं. पुन्हा निम्मे. निम्म्या हातांवर माणसाचं आयुष्य मजेत निघतं, त्या म्हणाल्या, तुमचं निघालंच की. पण एक साचा टवक्याचा आहे.

आम्ही परतीच्या गाडीत बसलो. राग आला होता, पण रागापेक्षा दुसरंच काहीतरी टोचत होतं. माझा साचा टवक्याचा, मग तो मला दिला कोणी? आणि एकदम मला आजी आठवली. बापाची आई. चुलीच्या उजेडात तिच्या नाकपुडीला भोक दिसायचं, आत काडी घालून ठेवलेलं. कानालाही भोकं होती. आजी आमच्याच नात्यातली, आजोबांच्या सख्ख्या मामाची पोर. तीही याच गोतात जन्मली, मग तिचं नाक टोचलेलं कसं? म्हणजे नेम पिढीजात नव्हता. आजीच्या नंतर सुरू झाला होता. आजीनंच सुरू केला असला पाहिजे.

आमच्या गावात तेव्हा एक म्हातारी होती, सगळ्यांत जुनी. डोळ्यांनी दिसत नसे, पण कोलंबी सोलायला दिली तर एक टरफल राहायचं नाही. मी तिच्याजवळ जाऊन बसलो.

"आमच्या आजीनं देवीला काय बोललं होतं गो?"

"बोलली?" म्हातारी हसली. "बोलली कसली! भांडली ती देवीशी."

"कशावरून?"

"तुझ्या आत्येवरून."

मला आत्या होती हेच मला ठाऊक नव्हतं. म्हातारीच्या बरोबरीची, तिची खेळगडी. लग्न ठरलं म्हणून नाक टोचलं. रक्त थांबलं नाही. रात्रभर घशात उतरत राहिलं, कोणाला कळलं नाही. हळद लागायच्या आधीच गेली. गाव म्हणालं, खाडीवरचं काहीतरी लागलं. आजी देवळात गेली आणि पायरीवर नथ आपटून म्हणाली, माझी पोर नेलीस, आता या घरातल्या पोरीचं टोचलेलं नाक तुला दिसायचं नाय. त्यानंतर तिनं घरातल्या पोरींच्या कानालाही सुई लावू दिली नाही, आणि मुलीचं नावही कोणाला घेऊ दिलं नाही.

"तिचे दात घासताना रक्त यायचं का?" मी विचारलं.

म्हातारीचे हात थांबले. "तुला रे कसं ठाऊक? राखुंडी लावली की लाल थुंकायची. आम्ही तिला पान खाल्लंस का, म्हणून चिडवायचो."

मी उठून बांधावर जाऊन बसलो. देवीचा नेम, देवीचा नेम म्हणून मी छाती काढत होतो, तो एका आईचा राग होता. तिला साचा ठाऊक नव्हता, हात ठाऊक नव्हते. पण घराला काय जमणार नाही तेवढं तिनं बरोबर ओळखलं, आणि कारण मात्र पोटात ठेवून गेली. कारण सांगितलं असतं तर बहिणीनं सोनार बोलावलाच नसता. बाईंना पुढच्या खेपेला हे सांगितलं तर त्यांचेही डोळे लकाकले. आमच्या घराची वंशावळ त्यांनी एका कागदावर काढली होती, त्यात त्यांनी आत्येसाठी एक काळा गोल काढला, म्हणजे हा आजार असलेली बाई. मला बरं वाटलं. इतक्या वर्षांनी तिला कुठं तरी जागा मिळाली.

पण माझा शब्द होताच. धाकटी तोवर बारावी होऊन पेणला शिवणकाम शिकवायला जात होती. तिचं रक्त तपासलं, निम्मं निघालं. उरला रोह्याचा धाकटा. तो कंपनीत शिफ्टवर जायचा. त्यानं घरात न सांगता मुंबईला जाऊन रक्त दिलं, आणि एका सकाळी रात्रपाळी करून सरळ आमच्या ओट्यावर येऊन बसला. डोळे लाल.

"मामा, मी पण निम्माच."

धाकटी आतून चहा घेऊन आली, तिनं ऐकलं. कपबशी खाली ठेवली. दोघंही एकमेकांकडे बघेनात. मला तेव्हा कळलं की यांना नुसता आमचा शब्द नव्हता, यांचं स्वतःचंही काही होतं.

मी घसा साफ केला. बाईंनी मला समजावलेलं होतं, ते मी सांगितलं. "दोन्ही निम्मे असले तरी परतेक पोर तसं निघत नाय. चार वाट्यांतला एकच वाटा वाईट. तीन चांगले. मिठागराच्या धंद्यात कोणी मला एवढी खात्री दिली तर मी डोळे मिटून आगर घेईन."

धाकटी माझ्याकडे बघून म्हणाली, "बा, आगर बुडलं तर पुढच्या साली परत करता येतं."

मी कपबशी भाच्यापुढे सरकवली.

"मी ताईला बघते," ती म्हणाली. "पोर खेळायला गेली की ती दारात उभी. हातात कापूस. पोर पडली का, नाक फुटलं का. तिला निवड नव्हती, कोणाला ठाऊकच नव्हतं. मला ठाऊक हाय. ठाऊक असून मी नाय करणार." मग त्याच्याकडे वळून, जरा हळू, "तू पण नको करू."

तो हसल्यासारखा झाला. "मी सांगायला आलो होतो तेच. तू आधी बोललीस, बरं झालं. माझ्या तोंडातून निघत नव्हतं." चहा तसाच ठेवून तो उठला. धाकटी म्हणाली, "चहा पिऊन जा, शिफ्ट करून आलायस." तेव्हा तो परत बसला आणि प्यायला.

शब्द माझा होता म्हणून तो परत घ्यायलाही मीच गेलो. मांडवात नेसवलेली साडी, घडी न मोडलेली, पिशवीत घालून रोह्याला निघालो. बहीण ओटीवर चिंचा फोडत होती, नात शेजारी चिंचोके वेचत होती. बहिणीनं पिशवीतला काठ ओळखला.

"दादूस, साडी परत आणलीस?"

"आणली."

"म्हणजे माझ्या घरात खोट काढलीस."

"तुझ्या नाय गो. आपल्या. तुझ्या-माझ्या."

"मी रक्त द्यायला सुई लावून घेतली नाय. माझं तुला काय ठाऊक?"

"तुझे दोन्ही पोरगे निम्मे. आलं कुठून?"

"त्यांच्या बापाकडून!"

आतून मेहुण्याचा आवाज आला, "मी पूर्ण हाय, बरं का. डॉक्टरनं लिहून दिलंय. या घरात मी एकटाच पूर्ण."

"पूर्ण म्हणे!" बहीण ओरडली. "स्वतःचा चहाचा कप उचलत नाय आणि पूर्ण!"

मी नातीला चिंचोके मागितले. आम्ही लहानपणी ते फोडून दोन फाकी करायचो, एक बाजू काळी, एक पांढरी, आणि सोंगट्यांसारखे टाकायचो. त्या खेळात बहिणीनं मला कधी जिंकू दिलं नाही. मी तिच्या हातात एक फाक दिली, एक माझ्याकडे ठेवली. "ही तुझ्या धाकट्याची, ही माझ्या धाकटीची. काळी पडली तर चांगला साचा, पांढरी पडली तर टवक्याचा. पोराला दोघांकडून एकेक मिळणार. टाक."

टाकली. दोन्ही काळ्या. "बघ!" पुन्हा टाकली, एक काळी, एक पांढरी. "हे पोर चांगलं ना?" चांगलं, मी म्हटलं, माझ्यासारखं. ती टाकतच राहिली, लहानपणच्या त्याच जिद्दीनं, मनगट तसंच फिरवून. काळ्या आल्या की माझ्याकडे बघायची. आणि मग दोन्ही पांढऱ्या पडल्या.

तिचा हात तसाच राहिला. नातीनं वाकून पाहिलं. "ही मी," ती म्हणाली. कोणी तिला सांगितलं नव्हतं, आमचं बोलणं ऐकून तिनं जुळवलं.

मग तिनं विचारलं, "आजोबा, मग माझ्या पोराला मी कुठली देणार? माझ्याकडे काळी नायच."

"पांढरीच देशील. नेहमी. म्हणून नवरा दोन्ही काळ्यांचा बघायचा."

"तो कुठं मिळतो?"

"लांब," मी म्हटलं. "नात्याबाहेर. जितका लांब तितका बरा."

बहिणीनं साडीची पिशवी ओढून घेतली आणि आत गेली. बऱ्याच वेळानं चहा आला. चहात साखर नव्हती, पण आला.

धाकटीला नागोठण्याच्या बाजूला दिली, नात्याबाहेर. जावयाचं रक्त मी लग्नाआधी तपासून घेतलं. त्याचा बाप म्हणाला, पत्रिका सोडून रक्त बघणारे तुम्ही पहिलेच. मी म्हटलं, पहिला तर पहिला. पूर्ण निघाला. तिला मुलगी झाली, आमच्याकडे बाळंतपणाला होती. डॉक्टरीण बाईंना निरोप देऊन विचारलं, त्या म्हणाल्या, हिला तो आजार असायचं कारण नाही, खुशाल टोचा.

बायको म्हणाली, नको. बहिणीच्या मदतीला आलेली थोरली म्हणाली, नको. मग एका सकाळी रोह्याहून बहीण उतरली. बरोबर पेणच्या बाजारातून उचललेला सोनार, आणि माझी मोठी नात, कानात दाबाच्या कुड्या घातलेली.

"टोचायचे," बहीण म्हणाली. "माझ्यासमोर."

"कान," मी म्हटलं. "नाक नाय. नाकाचं भांडण आजीचं हाय, ते मिटवायचा हक्क आपल्याला नाय."

"बरं. कान."

बाळ माझ्या मांडीवर घेतलं. सोनारानं तार काढली. थोरली दारातून आत गेली, तिला बघवेना. एक बारीक किंकाळी झाली आणि पाळीवर थेंब आला. लाल, गोल, मोहरीएवढा. मी तोंड जवळ नेऊन बघत बसलो. नात माझ्या खांद्यावरून वाकली होती, तिचा श्वास माझ्या गालाला लागत होता. थेंब जरा फुगला. आता ओघळेल, मला वाटलं. आत कुठं तरी त्या एवढ्याशा पेशी धावल्या असतील, रांग धरली असेल. थेंब ओघळला नाही. कडेनं काळसर झाला, जागच्या जागी बसला.

"हात धरले?" नातीनं विचारलं.

"धरले," मी म्हटलं.

ती बघतच राहिली, मीही. तो थेंब सोडून आम्हाला दोघांना दुसरं काही दिसत नव्हतं. बहिणीनं पदरानं डोळे पुसले आणि सोनारावर खेकसली, "तू काय बघत बसलास? दुसरा कान टोच."